ही माणसं आमच्या झाडावर बसत नाहीत, मग ठेवायची कुठे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

आमच्या घराण्याच्या वंशवृक्षाचा एक ऑनलाइन डेटाबेस आहे, आत्येभावाने सुरू केलेला, आणि चार देशांत पांगलेले आम्ही बरेच नातेवाईक त्यात भर घालत असतो. जुनी रजिस्टरं आणि स्कॅन केलेली कागदपत्रं चाळायचं काम माझ्याकडे आहे. शोधता शोधता मला अशी माणसं सापडतात की ज्यांचं आडनाव आमचंच, पण ती आमच्या कुठल्याच शाखेत बसत नाहीत आणि सापडतातही भलत्याच ठिकाणी. एक नाविक, दूरच्या बंदरातल्या हॉस्पिटलच्या मृत्यूच्या नोंदीत. एक मुलगा, परक्या घरी जनगणनेत 'पाहुणा' म्हणून. एक बाई, जिचं फक्त लग्नानंतरचं नाव आहे. अशा चाळीसेक नोंदी मी 'न जुळलेल्या' म्हणून ठेवल्यात. आत्येभाऊ म्हणतो की डेटाबेस क्लीन हवा, जोड नाहीतर काढून टाक. पुतण्याने तर तो नाविक पणजोबांच्या हरवलेल्या भावाच्या जागी लावूनही टाकला, कारण नाव आणि वडलांचं नाव जुळतं. वयात मात्र सहा वर्षांचा फरक आहे. आता ते नातं दुसऱ्या दोन वेबसाइटवरही कॉपी झालेलं दिसतंय. शिवाय एका संस्थेच्या रजिस्टरमधे आमच्याच आडनावाच्या एका मुलीच्या बाळंतपणाची नोंद आहे, बाळाच्या बापाचा रकाना रिकामा, ती काढून टाक म्हणून काकू मागे लागल्यात. मी उगाच हट्ट करतेय का? ही माणसं आमची आहेत की नाहीत हे ठरवायचं तरी कसं?

---

ताई,

सगळ्यात आधी एक, त्या चाळीस नोंदी डिलीट करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश बोलता येईल, पण एकदा उडवलेली नोंद पुन्हा त्याच रजिस्टरच्या त्याच पानावर जाऊन कुणी शोधेल याची काही खात्री नसते.

आता बघा, तुमचा आत्येभाऊ आणि पुतण्या वरवर एकमेकांच्या विरुद्ध वागतायत, एकाला काढायचंय आणि दुसऱ्याला जोडायचंय, पण दोघांच्याही डोक्यात एकच गृहीत धरलेलं आहे की डेटाबेसमधे राहायचं असेल तर माणूस झाडाला लागलेलाच पाहिजे. आणि राग मानू नका, पण थोडंसं ते तुमच्याही पत्रात आहे. तुम्ही विचारताय ही माणसं आमची आहेत का. मला विचाराल तर तो प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की ही माणसं ज्या कुणाची असतील त्यांना ती सापडतील का? कारण ही माणसं सुटी दिसतात ती फक्त तुमच्या बाजूने बघताना. कुठेतरी त्यांचं घर आहे, आईबाप आहेत, आणि बहुतेक तिथे कुणीतरी त्यांच्या नावापुढे 'पुढे काय झालं कळत नाही' असं लिहून ठेवलंय.

अशा नोंदींना वंशावळ शोधायच्या या छंदात स्ट्रे म्हणतात, म्हणजे आपलं मूळ गाव किंवा इलाखा सोडून दुसरीकडेच कागदावर सापडलेला माणूस. इंग्लंडमधे १९७४ साली कुटुंब-इतिहास संस्थांचा महासंघ स्थापन झाला, आणि तिथल्या स्थानिक संस्थांनी हे काम मनापासून केलं. आपल्या भागाच्या रजिस्टरमधे बाहेरगावचा माणूस दिसला, लग्नात नवरा दुसऱ्या परगण्याचा, दफनाच्या नोंदीत 'अमक्या गावचा प्रवासी', की ती नोंद उतरवून घ्यायची आणि त्याच्या मूळ भागातल्या संस्थेकडे पाठवून द्यायची. कित्येक संस्थांमधे एवढ्याच कामासाठी एक स्वयंसेवक असायचा. हे का करावं लागलं तर साधं कारण आहे, नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे, आणि शोधणारा मात्र शोधतो जिथे माणूस जन्मला तिथे. या दोघांची गाठ आपोआप पडत नाही, कुणीतरी मधे उभं राहून ती घालून द्यावी लागते. सापडलेली छत्री आपली नाही म्हणून आपण कचऱ्यात टाकत नाही, आणि आपलीही एक हरवली होती म्हणून तीच घरी घेऊन जात नाही, सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नेऊन देतो, कुठे आणि कधी सापडली ते सांगून. तुमची ती 'न जुळलेल्या'ची यादी म्हणजे अशी खिडकी आहे. तेव्हा हट्ट वगैरे काही नाही, तुम्ही करताय ते बरोबर आहे, फक्त त्याला थोडी शिस्त लावायला हवी.

आता त्या नाविकाकडे येऊ, कारण खरं गुंतागुंतीचं तेच आहे.

पणजोबांचा भाऊ घर सोडून गेला आणि परत आला नाही, अशी गोष्ट ज्या घरात असते तिथे त्या रिकाम्या जागेला फार ओढ असते. त्या नावाचा कुणीही कुठेही मेलेला सापडला की वाटतं, हाच तो. पुतण्याला दोष देऊ नका, त्याने काही वाईट हेतूने केलं नाही, त्याला गोष्टीचा शेवट हवा होता. पण नाव जुळलं आणि वडलांचं नाव जुळलं एवढ्यावर ओळख पटत नाही, विशेषतः दोन्ही नावं त्या काळी घरोघरी असतील तर. त्याच पिढीत, त्याच आडनावात, त्याच बापनावाचे किती जण होते हे तुम्ही मोजलंय का? तुमच्याच डेटाबेसमधे सर्च करून बघा, दोन-तीन निघाले तर तेवढ्यावरच पुतण्याचा दावा निम्मा ढिला होतो.

सहा वर्षांच्या फरकाने मात्र मी एकदम 'हा तो नव्हेच' असं म्हणणार नाही. जुन्या नोंदीतलं वय हा बरेचदा अंदाजच असतो. हॉस्पिटलात मरणाऱ्या माणसाचं वय सांगणारा शेजारच्या खाटेवरचा किंवा जहाजावरचा सोबती असू शकतो. कधी तर नोंद घेणाऱ्यांना सूचनाच तशा असतात, इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायला सांगितलं होतं, म्हणजे एकोणतीस वर्षांचा माणूस कागदावर पंचवीसचा झाला. तारखांचंही तेच, इंग्लंडमधे १७५२ पर्यंत कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या जुन्या नोंदींत एका वर्षाचा फरक दिसतो आणि लोक त्याला दोन माणसं समजून बसतात. तेव्हा वय जुळत नाही हा नकाराचा पुरावा म्हणून कच्चा आहे, जसं नाव जुळणं हा होकाराचा पुरावा म्हणून कच्चा आहे. दोन्हीकडून कच्चं असताना उत्तर एकच, अजून माहीत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे मूळ पानाचा फोटो बघा. तुम्ही जे पाहिलंय ते मूळ पान आहे की कुणीतरी केलेली अनुक्रमणिका, हे पत्रावरून मला कळलं नाही. अनुक्रमणिकेत नाव, तारीख, वय एवढंच उतरवलेलं असतं, आणि जन्मगाव, जहाजाचं नाव, जवळचा नातेवाईक, कुणी दाखल केलं, किती दिवस होता हे जे खरं कामाचं ते मूळ पानाच्या उजव्या टोकाला राहून जातं. दुसरं, त्याच माणसाचा दुसरा कागद शोधा. हॉस्पिटलात मेला म्हणजे दाखल केल्याची नोंद असणार, दफनाची किंवा दहनाची असणार, आणि नाविक होता म्हणजे जहाजाच्या खलाशांची यादी असणार. जहाज ब्रिटिश नोंदणीचं असेल तर त्या यादीत खलाशाचं वय, जन्मठिकाण आणि आधीचं जहाज असं सगळं लिहिलेलं असतं, आणि १८६३ ते १९३८ मधल्या अशा याद्यांचा मोठा हिस्सा आज कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहे. म्हणजे नुसती माणसंच भलतीकडे सापडतात असं नाही, त्यांचे कागदही.

आणि तिसरं, जे लोक सहसा करत नाहीत, आपलाच अंदाज मोडायचा प्रयत्न करा. पणजोबांचा भाऊ या मृत्यूच्या तारखेनंतर कुठे जिवंत दिसतो का? एखाद्या पत्रात, जमिनीच्या कागदावर सहीत, भावाच्या मुलाच्या लग्नात साक्षीदार म्हणून? एक जरी असा कागद निघाला तर विषय संपला, आणि तो निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या माणसाचं आयुष्य लांबलं की. उलट काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ तो मेला असा लगेच काढू नका. कागद नसायला शंभर कारणं असतात. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेची बहुतेक पानं १९२१च्या आगीत आणि त्यानंतर गेली, इंग्लंड आणि वेल्सची १९३१ची जनगणना १९४२ साली जळाली. त्या वर्षी तो माणूस दिसत नाही म्हणणाऱ्याने आधी ते वर्षच शिल्लक आहे का ते बघावं.

अमेरिकेतल्या वंशसंशोधकांनी यासाठी एक मापदंड ठरवलाय, त्यात पाच गोष्टी मागतात. शोध पुरेसा सर्वंकष हवा, प्रत्येक विधानाचा सोर्स पूर्ण लिहिलेला हवा, पुरावे एकमेकांशी ताडून बघितलेले हवेत, विरोधी पुराव्याचं उत्तर दिलेलं हवं, आणि निष्कर्ष लिहून काढलेला हवा. घरगुती कामात दर वेळी एवढं सगळं जमणार नाही, ठीक आहे, पण शेवटचं तरी करा, लिहून काढा. पुतण्याला सांगा की हा नाविक तोच का वाटतो ते सात-आठ ओळींत लिही आणि तो नाही असं का वाटू शकतं तेही लिही. माझा अनुभव असा की लिहायला बसलं की माणूस आपोआप 'असावा' वर येतो.

लिंक मात्र आत्ताच सोडवा. नोंद नाही, फक्त लिंक. नाविक पुन्हा सुटा ठेवा, आणि त्याच्या प्रोफाइलवर ठळक नोट टाका की हा अमक्याचा भाऊ असण्याची शक्यता तपासली, बाजूने हे हे, विरुद्ध हे हे, अजून सिद्ध नाही. पणजोबांच्या भावाच्या प्रोफाइलवरही तशीच नोट. ही नोट नसेल तर उद्या दुसरा पुतण्या येईल आणि तेच नातं नव्या उत्साहाने परत जोडेल. ज्या दोन वेबसाइटवर ते कॉपी झालंय तिथे एकदा सभ्य मेसेज पाठवा, तुमच्या नोटची लिंक द्या आणि सोडून द्या, सगळ्यांच्या मागे धावायला आयुष्य पुरणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, काही वर्षांनी तेच नातं पाच-सहा ठिकाणी दिसायला लागेल आणि घरातलंच कुणीतरी म्हणेल की बघा, सगळीकडे असंच दिलंय. ते सगळं एकाच चुकीचं पीक असणार. प्रत्येकाला सोर्स विचारायचा, आणि सोर्स म्हणजे दुसरं कुणाचं झाड असेल तर तो पुरावा शून्य.

आता 'क्लीन' डेटाबेसचं. आत्येभावाची तक्रार खोटी नाहीये. चाळीस सुटी माणसं यादीत लोंबकळत असली की सर्च करताना अडखळायला होतं, नवीन येणारा गोंधळतो, आणि नाव सारखं दिसलं की कुणीतरी मर्ज करून टाकतं. मर्ज तर लिंकपेक्षा वाईट, चुकीची लिंक एका क्लिकमधे तुटते, पण दोन माणसांचे कागद एकदा एकाच प्रोफाइलमधे मिसळले की कुठला कुणाचा ते वेगळं करता करता नाकी नऊ येतात. तेव्हा त्याची अडचण मान्य करा आणि त्याला सांगा की उपाय काढून टाकणं नाही, ओळखू येईल असं ठेवणं आहे. सुट्या नोंदींना एक ठराविक टॅग द्या, सगळ्यांना एकच, 'सुटी नोंद' किंवा 'स्ट्रे' जे ठरेल ते, आणि नेहमीच्या यादीतून तो टॅग फिल्टरने लपवता येईल असं करा. काही घराण्यांत यासाठी वेगळा डेटाबेसच ठेवतात, मला ते तितकंसं आवडत नाही कारण वेगळ्या ठिकाणी ठेवलं की तिकडे कुणी फिरकत नाही, पण आत्येभाऊ फारच अडून बसला तर तेही चालेल, डिलीटपेक्षा केव्हाही बरं.

तांत्रिक बाजूने याला कुणाचीच हरकत नसते. डेटाबेसमधून डेटाबेसमधे माहिती न्यायला जो जेडकॉम नावाचा फाइल-प्रकार वापरतात, लॅटर-डे सेंट्स चर्चने १९८४ साली काढलेला, त्यात कुठल्याही कुटुंबाला न जोडलेला माणूस व्यवस्थित बसतो. विकीट्री सारख्या वेबसाइटच्या एकाच सामायिक झाडावर सुद्धा न जोडलेली प्रोफाइलं असतात आणि ती जोडायला मदत करणारे स्वयंसेवक असतात, शिवाय आईबाप जोडताना ते नातं 'अनिश्चित' आहे अशी खूण करायची सोय आहे. एक काळजी मात्र घ्या. बॅकअप किंवा एक्स्पोर्ट काढताना काही सॉफ्टवेअरमधे 'अमुक व्यक्तीचे पूर्वज आणि वंशज' असा पर्याय निवडला जातो आणि मग फाइलमधे फक्त झाडाला लागलेली माणसं येतात, सुटी माणसं गुपचूप गळतात. नव्या वेबसाइटवर सगळं हलवल्यावर कळतं की ती नाहीतच. एक्स्पोर्ट काढल्यावर एकूण माणसांचा आकडा दोन्हीकडे जुळतो का ते प्रत्येक वेळी बघा.

नोंद करायची कशी हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बऱ्याच वाचकांचं इथेच अडतं म्हणून जरा सविस्तर सांगते. नाव कागदावर जसं आहे तसंच, स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी तसंच, आणि तुम्हाला जे बरोबर वाटतं ते पर्यायी नावाच्या रकान्यात. लोक म्हणतात की परदेशी उतरल्यावर अधिकाऱ्यांनी नावं बदलली, न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राबद्दल तर ही गोष्ट हजारदा सांगितली जाते, पण तिथले अधिकारी जहाजासोबत आलेल्या प्रवासी-यादीवरून काम करायचे, आणि ती यादी प्रवास सुरू होतानाच बनलेली असायची. म्हणून नाव वेगळं दिसलं तर ते कुणी, कुठे, कुणाच्या तोंडून ऐकून लिहिलं हे शोधायचं, तिथेच धागा मिळतो. ठिकाणं दोन लिहायची, घटना घडली ते आणि कागदात 'मूळचा' म्हणून दिलंय ते. हे दुसरं ठिकाण वेगळ्या रकान्यात हवं, नुसतं नोटमधे नको, कारण त्या गावातून शोधत येणाऱ्याला सर्चमधे तेच लागणार आहे. वय जसं लिहिलंय तसं, आणि त्यावरून जन्मवर्ष काढलंत तर पुढे 'अंदाजे' असलंच पाहिजे. त्या कागदावर दुसरी जी जी नावं असतील, साक्षीदार, माहिती देणारा, घरमालक, जामीन राहणारा, ती सगळी उतरवा, अगदी कंटाळा आला तरी. परमुलखात माणूस सहसा ओळखीच्यांच्याच आसपास असतो, आणि त्याची ओळख पटते ती बरेचदा या बाजूच्या नावांवरून.

मग सोर्स, रजिस्टरचं नाव, पान, ओळ, कुठल्या संग्रहात, फोटो क्रमांक, कुणी पाहिलं आणि कधी. आणि सगळ्यात शेवटी, कुठे कुठे शोधलं आणि काही सापडलं नाही, तेही. हे न सापडलेलं लिहायचा सगळ्यांना आळस असतो आणि त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी घरातलं कुणीतरी तीच रजिस्टरं पुन्हा चाळत बसतं.

एक गोष्ट मात्र करू नका. नाविकाच्या नोंदीत वडलांचं नाव आहे म्हणून लगेच त्या वडलांचं नवीन प्रोफाइल उघडू नका, ते नाव नाविकाच्या नोंदीतच राहू दे. नाहीतर एका कागदातून दोन माणसं तयार होतात, मग कुणीतरी त्या वडलांना जन्मवर्ष देतं, कुणी बायको देतं, आणि जिचा एकही कागद नाही अशी अख्खी पिढी उभी राहते.

त्या लग्नानंतरच्या नावाच्या बाईबद्दल. मला वाटतं तुमच्या चाळीसांत अशा बऱ्याच जणी असतील, तुम्ही एकच लिहिलीत. घराण्यांच्या वंशावळीत सगळ्यात जास्त सुटतात त्या बायकाच, लेक लग्न होऊन गेली की माहेरच्या झाडावर फांदी तिथेच थांबते आणि सासरच्या झाडावर ती आडनाव, कधी नावही बदलून उगवते, दोन्ही टोकं एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद सापडेपर्यंत ती दोन्हीकडे अर्धीच. तिची नोंद करताना जन्मनावाच्या रकान्यात सासरचं आडनाव भरू नका. तो रकाना रिकामा ठेवा किंवा तुमच्या डेटाबेसमधे 'माहीत नाही' साठी जो शब्द ठरला असेल तो घाला. तिथे सासरचं आडनाव गेलं की सर्चला वाटतं ती त्या घरात जन्मलीय, आणि मग तिला नवऱ्याची बहीण करून टाकणारे सल्ले यायला लागतात. तिला शोधायचं तर तिच्या मुलांच्या कागदांवर शोधा, जन्म, लग्न, मृत्यू, आईचं माहेरचं नाव कुठेतरी एकदा तरी लिहिलं जातं.

पाहुण्या मुलाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. जनगणनेत माणूस बहुतेक वेळा त्या रात्री जिथे झोपला तिथे मोजला जातो, तो तिथे राहतो असं नसतं. इंग्लंडच्या जुन्या जनगणनांमधे 'व्हिजिटर' म्हणून दाखवलेली लहान मुलं पुष्कळदा नात्यातलीच निघतात, मावशीकडे, आत्याकडे, आजीकडे आलेली. घरमालकाचं आडनाव परकं वाटतं कारण नातं बायकोकडून असतं. त्या घरातल्या बाईचं माहेर शोधा.

आता काकूंचं. हे मी शेवटी ठेवलंय ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही.

काकूंना त्या मुलीची लाज वाटते असं तुम्हाला वाटतंय, पत्राच्या सुरावरून. असेलही. पण मला वाटतं त्यांना थोडं वेगळंही विचारून बघा, तुम्हाला हिच्याबद्दल काही माहीत आहे का म्हणून. एवढ्या सुट्या नोंदींत नेमकी एकच काढा म्हणून कुणी आग्रह धरतं तेव्हा कधी कधी त्यांना ती कोण हे ठाऊक असतं. नसेलही, मी अंदाज करतेय, आणि विचारताना पोलिसासारखं विचारू नका. सांगायचं नसेल तर तो त्यांचा हक्क आहे.

नोंद ठेवायची की नाही यात दोन माणसांचं पारडं तोलायचंय. एक ती मुलगी आणि तिचे आज हयात असलेले जवळचे लोक, ज्यांना हे चारचौघांत यायला नको असेल. दुसरं ते बाळ, जे मोठं झालं असेल, ज्याची नातवंडं आज कुठेतरी आपली सुरुवात शोधत असतील, आणि त्यांच्यासाठी हा एकच कागद जगात असू शकतो. देशोदेशीची सरकारंही हे तोलतात, अमेरिकेत जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात, इंग्लंडमधे शंभर वर्षांनी, म्हणून १९२१ची तिथली जनगणना २०२२ च्या जानेवारीत लोकांना बघायला मिळाली. तुमच्या नोंदीचं साल पत्रात नाही. ती आई किंवा ते बाळ हयात असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर नोंद पूर्ण खाजगी करा, फक्त दोघातिघांना दिसेल अशी, आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर त्यावर चर्चा नको. साल फार जुनं असेल तर ती इतर सुट्या नोंदींसारखीच राहू दे. काढून टाकायला मी दोन्ही परिस्थितीत सांगणार नाही, आणि काकूंनाही हे असंच सांगा, की नोंद राहील पण दिसणार नाही. हे ऐकून बरीच माणसं शांत होतात.

आणि तिची नोंद लिहिताना शब्द सांभाळा. जुन्या रजिस्टरांत अशा आईला आणि बाळाला काहीबाही शब्द वापरलेले असतात. मूळ मजकूर शब्दशः उतरवायच्या जागी ते शब्द येतील, येऊ देत, पण तुमच्या स्वतःच्या ओळीत फक्त 'वडलांचं नाव नोंदवलेलं नाही' एवढंच. तेवढंच तुम्हाला माहीत आहे. आणि कृपा करून कुणी अंदाजाने तिथे बापाचं नाव भरायला लागलं तर थांबवा, नाविकाच्या बाबतीत चुकलं तर एक लिंक सोडवावी लागते, इथे चुकलं तर हयात माणसं दुखावतात.

डीएनए टेस्ट करून टाकू का असं पुतण्या म्हणेलच. करा, ज्यांना करायची त्यांनी राजीखुशीने करा, पण तिच्यातून नातं आहे एवढं कळतं, नेमकं कुठलं ते पुष्कळदा नाही, आणि जसजसं नातं लांबचं होत जातं तसतसं खरं चुलत नातं असूनही काहीच जुळत नाही असं होऊ शकतं. शिवाय सुट्या नोंदीतल्या माणसाचा डीएनए कुठून आणणार, त्याचे वंशज सापडले तर, आणि ते सापडायला आधी नोंद दिसायला हवी. फिरून तिथेच येतो आपण.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासारखं काम करणाऱ्या सगळ्यांसाठी. या नोंदी नुसत्या जपून ठेवू नका, पुढे पाठवा. ज्या कागदात 'मूळचा अमुक ठिकाणचा' असं आहे त्या ठिकाणी काम करणारी इतिहास संस्था, ग्रंथालय, किंवा त्या आडनावाचा अभ्यास करणारं कुणी आहे का बघा. ब्रिटनमधे १९७९ पासून एकेका आडनावाचा जगभरचा अभ्यास करणाऱ्यांची संघटना आहे, असे लोक अनोळखी आडनावबंधूची नोंद सुद्धा आनंदाने घेतात कारण त्यांना सगळेच हवे असतात. सैनिकांच्या बाबतीत कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत दोन्ही महायुद्धांतल्या साधारण १७ लाख मृतांची नावं आहेत आणि कित्येकांपुढे आईबापाचं नाव आणि गावही दिलेलं आहे, तुमच्या चाळीसांत कुणी शिपाई असेल तर तिथे आधी बघा. पाठवताना एका नोंदीची एक छोटी मेल, फोटो जोडून, सोर्ससह, आणि 'आमचा नसावा, तुमच्याकडचा वाटतो' एवढं. दहा मेलना उत्तर येणार नाही, अकराव्याला येईल, आणि त्यांच्याकडेही एखादी छत्री पडून असेल जी तुमची निघेल.

आत्येभावाला काय लिहायचं असा प्रश्न तुम्हाला पडेल तर असं लिहा: चाळीस नोंदींना टॅग लावते, नेहमीच्या यादीतून लपवते, नाविकाची लिंक काढून नोट टाकते, वर्षातून एकदा सगळ्या सुट्या नोंदी पुन्हा तपासू, आणि कुणीही जोडताना दोन वेगळे सोर्स देईल. यातलं त्याला कशाला नाही म्हणता येईल असं मला वाटत नाही. कामाला सुरुवात त्या पाहुण्या मुलापासून करा, तो पटकन सुटण्यासारखा आहे, आणि एक सुटला की घरातले उरलेल्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. नाविकासाठी जहाजाचं नाव मिळालं तर मला कळवा, खलाशांच्या यादीपर्यंत कसं जायचं ते पुढच्या वेळी बघू.